चहाच्या पुड्यातलं घर

घणसोली गावात पुतळाबाईच्या घरामागं पत्र्याची एक खोली होती आणि त्या खोलीत जावळीकडच्या एकाच गावची आठ माणसं राहायची. आठही जण तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात एका टोळीत हमाली करायचे. दहा बाय बाराच्या जागेत आठ पुरुषांनी बारा वर्षं एकमेकांची डोकी न फोडता काढायची म्हणजे काहीतरी नेम लागतोच. ह्यांचा नेम पाळीचा होता. पाणी भरायला पाळी, भाकरी थापायला पाळी, एवढंच काय, खिडकीखालच्या वाऱ्याच्या जागेत झोपायलासुद्धा पाळी.

पाळीचा एक कायदा मात्र कुणी कधी मोडला नव्हता. माणूस गावी गेला तर त्याचं काम पुढच्यानं करायचं, पण पाळी त्याचीच धरायची. गावाकडं पाटाच्या पाण्याचं असंच असतं. कुणी मयतीला गेला म्हणून त्याच्या वाट्याचं पाणी दुसरा आपल्या रानात घेत नाही. घेतलंच तर सात पिढ्या नाव निघतं. हे आठही जण तसल्या पाण्यावर वाढलेले होते.

त्यांतला जोतीराम हा त्या खोलीचा शिकलेला माणूस. शिकलेला म्हणजे सातवी पास. पण बाकीच्या सातांत मिळून सात यत्ता भरत नसतील, तिथं तो बॅरिस्टरच म्हणायचा. पत्रं तो लिहायचा, मनिऑर्डरचे फॉर्म तो भरायचा, रेशनकार्डाच्या भानगडी तो निस्तरायचा. हिंदुराव हा त्याचा जोडीदार. थप्पीवरून गोणी उतरवताना दोघं समोरासमोर असायचे. हिंदुरावला अंगठा उठवायची लाज वाटायची, म्हणून जोतीरामनं त्याला एका उन्हाळ्यात पाटीवर सही शिकवली होती. तीन आठवडे घासून हिंदुरावला पहिलं अक्षर तेवढं नीट जमलं. ‘हिं’ काढायचा आणि पुढं नुसती रेघ ओढून द्यायचा. हमालांच्या माथाडी मंडळाच्या हापिसात ती सही चालायची, आणि सही करून आला की हिंदुराव दिवसभर खुशीत असायचा.

चौऱ्याण्णव साली सोनपान चहावाल्यांनी बक्षिसाची योजना काढली. अर्ध्या किलोच्या पुड्यात एक कूपन, त्यावर नाव, पत्ता आणि सही, आणि पहिलं बक्षीस नेरूळला एक खोली-स्वयंपाकघराचा ब्लॉक. खोलीत आठवड्याला एक पुडा लागायचा. चहा सगळ्यांचा, तेव्हा कूपन कुणाचं, असा प्रश्न पडला आणि त्याचं उत्तर अर्थातच तयार होतं. आठवड्याला एकाची पाळी. सातवं कूपन जोतीरामचं निघालं, आठवं हिंदुरावचं, आणि तिथं योजनेची मुदत संपत होती.

आठवा पुडा फोडला त्याच्या आदल्याच दिवशी हिंदुराव गावी गेला होता. त्याची बायको सरस्वती विहिरीच्या पायरीवरून पडली आणि पोटातलं मूल गेलं, अशी तार आली होती. कूपन भरून टाकायला एकच दिवस उरलेला. जोतीराम पोस्टाच्या बाकड्यावर बसला, नावाच्या रकान्यात ‘हिं’ लिहिलं आणि थबकला. खाली ठळक छापलं होतं, सही स्वतःची असावी. आता हिंदुरावची सही म्हणजे एक अक्षर आणि एक रेघ. ती जोतीरामनंच तर शिकवलेली. पण दुसऱ्याची सही करणं म्हणजे खोटेपणा, पोलिसांचं काम, असं त्या भल्या माणसाला वाटलं. खोटेपणा नको म्हणून त्यानं ‘हिं’ खोडलं, पुढं स्वतःचं नाव लिहिलं, खाली स्वतःची सही ठोकली आणि कूपन पेटीत टाकलं. लाखांतनं एक निघणार, आपलं कशाला निघतंय? हिंदुराव आला की सांगू, असं म्हणून तो कामाला गेला.

हिंदुराव बारा दिवसांनी आला. चेहरा उतरलेला, दाढी वाढलेली. पिशवी खिळ्याला अडकवता अडकवता त्यानं विचारलं, “माजं कुपान गेलं का रं?”

“टाकलं,” जोतीराम म्हणाला.

“बरं केलंस. माज्यापायी तुला एक काम वाढलं.”

तेव्हाच सांगायचं होतं. पण ज्याचं पोर गेलंय त्याला चहाच्या कुपनाचं काय सांगायचं, असं जोतीरामच्या मनात आलं. आणि ‘टाकलं’ हे खोटं तरी कुठं होतं? माणसानं स्वतःला फसवायचं ठरवलं की त्याला शब्द कमी पडत नाहीत.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात पुतळाबाई दारात आली. “ये जोतीराम, तुजे नावाचा कागूद आयलाय रं. सही मांगतोय तो पोस्टवाला.”

कागद चहावाल्यांचा होता. पहिलं बक्षीस जोतीरामला लागलं होतं. खोलीत एकच गलका झाला. कुणी गुलाल आणला, पुतळाबाईनं साखर वाटली, आणि हिंदुरावनं धिप्पाड जोतीरामला पोत्यासारखं उचलून अंगणात नाचवलं. “जोत्याची पाळी फळली,” तो सगळ्यांना सांगत होता. सगळ्यांना वाटलं, सातवं कूपन लागलं. जोतीरामलाही क्षणभर तसंच वाटलं. मग पत्राला टाचलेली कुपनाची नक्कल त्यानं उलगडली. नावाच्या रकान्यात त्याच्या नावाआधी एक अक्षर खोडलेलं होतं.

त्यानं कागद घडी घालून खिशात ठेवला. गुलालानं माखलेला, हसणाऱ्या सात माणसांच्या मधोमध उभा असलेला तो माणूस त्या वेळी आतून गार पडला होता. बोलावं म्हणून त्यानं तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात कुणीतरी त्यात पेढा कोंबला.

घराची ओढ काय असते ते ज्याला आयतं घर मिळालंय त्याला सांगून कळायचं नाही. जोतीरामचं लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. त्यांतले बायकोबरोबर काढलेले दिवस मोजले तर वर्ष भरलं नसतं. जत्रेला जायचं, दिवाळीला जायचं, आणि तिसऱ्या दिवशी पोरगी जवळ यायला लागली की चौथ्या दिवशी मुंबईची गाडी धरायची. वैष्णवी, त्याची मुलगी, नऊ वर्षांची झाली तरी बापाला ‘अवो’ म्हणायची, पाहुण्याला म्हणावं तसं. आणि आता दाराला कडी असलेलं घर, चूल ठेवायला ओटा, वर चोवीस तास नळ. ह्यात बायको रंगूबाई आणि वैष्णवी वावरताना त्याला दिसायला लागल्या आणि तोंडातला पेढा आपोआप गिळला गेला.

फुकटच्या घराला किंमत नसते असं मात्र कुणी समजू नये. बक्षिसावर सरकारचा कर असतो आणि तो भरल्याशिवाय किल्ली मिळत नाही, हे त्याला चहावाल्यांच्या हापिसात कळलं. दारातली म्हैस गेली, ओढ्याकडचा तुकडा गेला, आणि रंगूबाईची बोरमाळ आणि पाटल्या गेल्या. अंगावर डोरलं तेवढं राहिलं. रंगूबाईनं ते स्वतःच्या हातानं काढून दिलं. तिनं अकरा वर्षं सासरच्या चुलीपुढं काढली होती. तिला ते सोनं देणं जड गेलं नाही.

मांडव घालून समारंभ झाला. जोतीरामला फेटा बांधला, हातात पुठ्ठ्याची हातभर किल्ली दिली आणि फोटो काढला. महिन्याभरात तो फोटो मार्केटच्या फाटकापाशी चहाच्या दुकानावर लागला. पुरुषभर उंचीचा जोतीराम, हातात किल्ली, आणि पायाशी ते जिंकलेलं कूपन मोठं करून छापलेलं. छापणाऱ्यानं खोडलेलं अक्षरसुद्धा इमानानं तसंच ठेवलं होतं. दुपारी टोळी खोलीतल्याच पुड्याच्या चहाची किटली घेऊन त्याच दुकानाच्या सावलीत बसायची. जोतीराम पाठ करून बसायचा. हिंदुराव समोर बसायचा.

नेरूळच्या इमारतीत जोतीरामचं बिऱ्हाड तिसऱ्या मजल्यावर लागलं. शेजारच्या सुनीतीबाई बँकेत होत्या, माणूस म्हणून वाईट नव्हत्या. “काका, जिन्यात चपला काढू नका हं, सोसायटीची नोटीस लागलीय,” असं हसून सांगायच्या. पण मार्केटातले सगळे लोक ज्याला ‘ए जोत्या’ म्हणतात, त्याला पस्तिसाव्या वर्षी ‘काका’ म्हणवून घेताना कसंतरीच व्हायचं. घामानं भिजलेला सदरा, कांद्याचा वास, कमरेला गोणी ओढायचा आकडा. जिन्यात कुणी भेटलं की तो भिंतीला चिकटून वाट द्यायचा. स्वतःच्या घराच्या जिन्यात. गावाकडनं पाहुण्यांची रीघ लागली ती वेगळीच. बक्षीस लागलेला माणूस म्हणजे सगळ्या गावाचा मामा. कुणाला मुलीसाठी स्थळ हवं, कुणाला पोरासाठी नोकरी, आणि नुसतं बघायला येणारे तर किती. “नशीब काढलंस बाबा,” असं प्रत्येक जण म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी जोतीराम पाणी आणायच्या निमित्तानं आत उठून जायचा.

एका रविवारी सकाळी रंगूबाई दाणे निवडत बसली असताना त्यानं तिला सगळं सांगून टाकलं. ती निवडायची थांबली नाही.

“हिंदुराव भावजींस्नी सांगितलंसा?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“मंग मला कशाला सांगितलं?” ती म्हणाली. “तुमी सांगून मोकळं झालासा. आता मी रोज ह्या नळाखाली भांडी कशी घासू?”

दोघांनी तो विषय परत काढला नाही, पण त्या दिवसापासून रंगूबाई नळ बारीक सोडायला लागली.

मग एक दिवस रंगूबाईनंच हिंदुरावला निरोप धाडला. सरस्वती पोटातलं मूल गेल्यापासून धड उठलीच नव्हती. गावाकडं अंगारेधुपारे झाले होते. तिला इकडं आणा, दवाखान्यात दाखवू, आमच्याकडं राहील, असा तो निरोप होता. हिंदुराव तिला घेऊन आला, दारात सोडली आणि पाणी पिऊन लगेच निघाला.

“राहा की आजच्या दिवस,” जोतीराम म्हणाला.

“खोलीत पान्याची पाळी हाय माजी,” हिंदुराव म्हणाला.

सरस्वती पंधरा दिवस राहिली. पिंपळाच्या पानासारखी वाळलेली बाई, पण जरा उभं राहता आलं की केर काढायला धावायची. पहिल्या दिवशी तिनं नळ सोडला, बंद केला, परत सोडला, आणि विचारलं, “अक्का, पानी किती येळ ऱ्हातं?” रंगूबाईनं सांगितलं की जातच नाही, तेव्हा तिनं धारेखाली दोन्ही हात धरले. विहिरीच्या पायरीवरून पडलेली बाई ती. जोतीराम दारात उभा होता. त्याला ते बघवेना. तो चपला घालून खाली गेला आणि उगाचच सेक्टरच्या कोपऱ्यापर्यंत चालत जाऊन आला.

औषधानं तिला उतार पडला. जाताना तिनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. “द्येवानं तुमास्नी दिलं आनि तुमी आमास्नी दिलं. हे उपकार फिटायचं न्हाईत,” असं म्हणाली. तिला न्यायला आलेला हिंदुराव जिन्यात उभा होता. त्यानं तिची पिशवी उचलली आणि पायऱ्या उतरायला लागला. आज संध्याकाळी मार्केटात त्याला गाठतो आणि सांगतो, असं जोतीरामनं ठरवलं. संध्याकाळी ट्रक जास्त होते. दुसऱ्या दिवशी टोळीतले सगळे जवळ होते. तिसऱ्या दिवशी वैष्णवीचं प्रगतिपुस्तक आलं, पाचवा नंबर. मग जत्रा आली. कारण शोधणाऱ्याला वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस कारणं सापडतात.

शहाण्णवच्या पावसाळ्यात चहावाल्यांनी पुन्हा योजना काढली. ह्या खेपेला मोटरसायकल. गणपतीच्या आधीच्या रविवारी दुपारी बेल वाजली. दारात हिंदुराव होता. घणसोलीहून दोन बस बदलून, घामाघूम होऊन आलेला. चपला हातात घेऊन उभा, जिन्यात काढायच्या नाहीत हे त्याच्या लक्षात होतं.

तो सतरंजीवर बसला. रंगूबाईनं आत चहा टाकला. हिंदुरावनं सदऱ्याच्या खिशातून एक कागद काढून जोतीरामपुढं ठेवला. सोनपानचं कूपन होतं. वर नावाच्या रकान्यात वाण्याच्या गिचमिड अक्षरात जोतीरामचं नाव लिहिलेलं होतं.

“सही कर,” हिंदुराव म्हणाला. “उद्या शेवटची तारीख.”

“ही माजी कशी? मी तर आता खोलीत न्हाई.”

“खोलीत न्हाईस, पर दुपारच्या किटलीत हायेस की. पुडा फोडला तवा तुजी पाळी आली. ती कशी मोडंल?”

“आरं, मग टाकायचं कुनाच्या तरी नावावर. एवढ्यासाठी हितवर आलास?”

“पाळी तुजी, आनि नाव दुसऱ्याचं कसं टाकायचं?” हिंदुराव म्हणाला. आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. पाटाच्या पाण्याबद्दल बोलावं तसा तो बोलला.

जोतीरामनं पेन हातात घेतलं होतं, ते खाली ठेवलं. दोन वर्षं जे सांगायचं राहिलं होतं ते बाहेर यायला चार शब्द पुरले.

“हिंदू, ते कुपान तुजं हुतं. आठवं. म्या माजं नाव घातलं.”

हिंदुराव कागदाकडंच बघत होता. “ठावं हाय,” तो म्हणाला.

“कवापासनं?”

“मार्केटात तुजं चित्र लागलं त्या दिसापासनं. पायाशी कुपान छापलंय, त्यात एक अक्षर खोडलंय. जोत्या, मला जगात वळखू येतं ते तेवढंच एक. तूच शिकवलंस.”

आत स्टोव्ह बंद झाल्याचा आवाज आला. रंगूबाई कपबशी घेऊन आली, हिंदुरावपुढं ठेवली आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिली. तिला सगळं ऐकू आलं होतं.

“मग बोलला का न्हाईस?” जोतीरामनं विचारलं. “दोन वरसं रोज त्या चित्राम्होरं बसून चहा प्यालास. शिव्या द्यायच्या, चार मानसांत माजी अब्रू काढायची.”

“मी काय बोलायचं? बोलायची पाळी तुजी हुती,” हिंदुराव म्हणाला. “दिवाळी गेली, दोन जत्रा गेल्या. म्हनलं सांगंल. सरू पंधरा दिस हितं राहून गेली. म्हनलं आता तरी सांगंल. तिला म्या आजून सांगितलं न्हाई. ती आजून देवाजवळ दिवा लावताना तुजं नाव घेती.”

जोतीरामनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग एकदम सरळ होऊन तो घाईघाईनं बोलायला लागला. घर तुझ्या नावावर करतो, म्हणाला. रंगूबाई हलली नाही. मग म्हणाला, नाहीतर पाळीनं राहू. सहा महिने तुम्ही इथं, आम्ही गावी. सहा महिने आम्ही इथं. वर्षावर वर्ष, जलमभर. खोलीत बारा वर्षं निभावलं, इथं का निभणार नाही? जन्मभर जो एकच न्याय पाहिला होता, तोच बिचारा पुढं करत होता.

हिंदुरावनं ते सगळं ऐकून घेतलं. खिडकीपाशी वैष्णवी गणितं सोडवत होती, तिच्याकडं त्यानं बघितलं. मग रंगूबाईच्या नुसतं डोरलं उरलेल्या गळ्याकडं बघितलं आणि नजर खाली वळवली.

“घराची पाळी नसती, जोत्या,” तो म्हणाला. “पान्याची आसती, भाकरीची आसती. पोरगी सा महिनं हितं आनि सा महिनं तितं शिकंल व्हय? वैनींची बोरमाळ सा महिन्यांनी परत येनार हाय? जे झालं ते झालं. ते आता मागं वळत न्हाई.”

“मग मी काय करू?”

“सही कर.”

जोतीरामनं सही केली. नाव नीट आलं. एकही अक्षर खोडावं लागलं नाही. हिंदुरावनं कागद उचलला, शाई वाळावी म्हणून फुंकर घातली, घडी घालून खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं. “येतो वैनी,” म्हणाला आणि चपला हातात घेऊन बाहेर पडला. जिना उतरून गेल्यावरच त्यानं त्या पायात घातल्या, हे जोतीरामनं वरच्या कठड्यावरून बघितलं. त्यानं जाताना एक शिवी जरी दिली असती तरी जोतीरामला बरं वाटलं असतं.

तो घरात आला. सतरंजीवर कपबशी तशीच होती. चहावर साय धरली होती. बारा वर्षं एका किटलीतला चहा वाटून प्यालेल्या माणसानं त्या कपाला हातसुद्धा लावला नव्हता.